चार आणि चार दोन

गाड्यांमध्ये आवाज बसवून देणाऱ्या त्या दुकानात एकच सुविचार होता आणि तो भिंतीवर लावलेला नव्हता, मालकाच्या तोंडात लावलेला होता. ‘आमच्याकडे चार आणि चार दोन होतात.’ नवीन गिऱ्हाईक हे ऐकून दचकायचं. जुनं गिऱ्हाईक हसायचं, कारण हसल्याशिवाय मालक गाडीची किल्ली परत देत नसत.

वाक्य मात्र खरं होतं. चार ओहमचे दोन वूफर, म्हणजे खर्जाचे मोठे स्पीकर, शेजारी शेजारी जोडले, की ॲम्प्लिफायरला ते दोघं मिळून दोन ओहमचे वाटतात. आपल्या भाषेत ‘जोडणे’ म्हणजे तार लावणंही आणि बेरीज करणंही. त्यामुळे शाळेत जाऊन आलेला कोणीही माणूस दोन नि दोन जोडतो, चार झाले म्हणून खूश होतो, प्रत्यक्षात झालेला असतो एक, आणि थोड्याच वेळात बॉनेटच्या ऐवजी डिकीतून धूर निघतो. ओहम जितका कमी, तितकं ॲम्पवर ओझं जास्त. आकडा लहान आणि ओझं मोठं, ही गोष्ट घरात जावई असणाऱ्यांना लगेच पटते, बाकीच्यांना समजावून सांगावी लागते.

मालकांना अजून जावई नव्हता. व्हायची चिन्हं होती, आणि तेच दुखणं होतं.

मुलगी त्यांच्याच दुकानात फिटर होती. हात वडिलांपेक्षा हलका, कान वडिलांइतकाच तिखट. घरात आणि दुकानात तिला ‘धाकटी’ म्हणत. थोरलं भावंड नव्हतं. थोरला होता तो एक ॲम्प्लिफायर. मालकांनी धंदा सुरू केला तेव्हा, धाकटीच्या जन्माच्या आधी घेतलेला, लोखंडी, पाटीएवढा रुंद आणि उचलताना कंबरेला हात लावायला लावणारा. तो विकला नाही, कुणाच्या गाडीत बसवला नाही. काउंटरमागच्या फळीवर पिवळ्या फडक्याखाली तो बसून असे. रोज सकाळी मालक फडकं काढत, त्याच फडक्याने त्याला पुसत आणि पुन्हा झाकत.

“लोक म्हणतात तुम्हाला मुलगा नाही,” धाकटीची आई म्हणत. “आहे की. फळीवर बसलाय. काही कामधंदा करत नाही एवढंच.”

आई वूफरच्या लाकडी खोक्यांना गालिच्याचं कापड चढवत. गोंद, कात्री, स्टेपलर. तोंडात पिना धरून बोलत असल्यामुळे त्या कमी बोलत, आणि जे बोलत ते टोचत असे.

आणि मग तो आला. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. पहिल्यांदा आला तो गाडीतले स्पीकर काढून घ्यायला. बसवायला नाही, काढायला. “दारात काहीतरी खडखडतंय. काढूनच टाका, मला आवाज नकोच आहे,” असं तो मालकांच्या तोंडावर म्हणाला. मालक खुर्चीत बसले होते, तरी त्यांना पुन्हा बसावं लागलं. धाकटीने स्पीकर काढून दिले. पुढच्या आठवड्यात तो ते परत बसवून घ्यायला आला. मग पुन्हा काढायला. खडखड गाडीत नाही, हे मालकांच्या लक्षात आलं तोवर फार उशीर झाला होता.

“ज्याला कान नाही त्याच्या घरात माझी मुलगी?” मालक म्हणाले. “तिथं तक्त्यावरची अक्षरं वाचत बसणार का ती?”

धाकटी म्हणाली, “त्याला शिकवता येतं, बाबा.”

“असं? मग ठरलं. मी देईन त्या ॲम्पला साजतील असे वूफर त्याने निवडायचे. स्वतःच्या हाताने जोडायचे. एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवून दाखवायचं. झालं, तर माझा होकार. नाही झालं, तर हा विषय या घरात पुन्हा निघणार नाही. आणि तू त्या वेळी तोंड उघडायचं नाहीस. तू एक शब्द बोललीस की परीक्षा संपली, तो नापास.”

“शब्द?” धाकटीने विचारलं.

“शब्द.”

तिने शब्द दिला, कारण ती निर्धास्त होती. त्याच्या दुकानात, काचांच्या खणांमध्ये बसून तिने त्याची शिकवणी घेतली. “ॲम्प म्हणजे हॉलचा दारवान. वूफर म्हणजे दार. दोन दारं खांद्याला खांदा लावून उघडलीस तर गर्दी दुप्पट बाहेर पडते आणि दारवान दुप्पट दमतो. दोन दारं एकामागे एक ठेवलीस तर गर्दी अडते, दारवान जांभया देतो. खांद्याला खांदा, तर चार आणि चार दोन. एकामागे एक, तर चार आणि चार आठ. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले वॅट वाचायचे नाहीत, ते फक्त फटाक्यापुरते असतात. सलग किती सोसतो ते बारीक अक्षरात असतं.”

“बारीक अक्षरं माझ्याकडे सोपव,” तो म्हणाला. त्याने सगळं पाठ केलं. शेवटी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेल इतकं.

परीक्षेच्या दुपारी शटर अर्धं ओढून घेतलं होतं. टेबलावर गाडीची बॅटरी, शेजारी गाण्यांचा डेक. पंच म्हणून मामाला बोलावलं होतं, म्हणजे आईचा धाकटा भाऊ. मामा गाडी चालवायला शिकवत. आयुष्य शिकाऊ माणसांच्या शेजारी बसून गेल्यामुळे त्यांचा उजवा पाय कायम एका नसलेल्या ब्रेकवर असे. लग्नाच्या पंगतीत कुणी भलतं बोलायला लागलं तरी तो पाय खाली जायचा.

“ॲम्प कुठला, भावजी?” मामांनी विचारलं.

मालक काउंटरमागे गेले, फळीकडे हात वर केले, आणि पिवळ्या फडक्यासकट थोरल्याला दोन्ही हातांनी उचलून टेबलावर आणून ठेवलं. फडकं ओढलं.

“हा,” ते म्हणाले. “दोन ओहमपर्यंत खुशाल खेचतो. त्याच्या खाली गेलात तर खलास. आता दाखवा, चष्मेवाले.”

धाकटीच्या हातातला पाना खाली पडला.

“अगं, पाय बघ,” मामा म्हणाले.

ती पाना उचलायला खाली वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ खालीच राहिली. कारण या दुकानात थोरल्याबद्दल एक गोष्ट मालकांना माहीत नव्हती. काही वर्षांपूर्वी मालक इस्पितळात पित्ताशयातले खडे काढून घेत होते, तेव्हा धाकटीने थोरल्याला फळीवरून खाली काढलं होतं. चोरी म्हणून नाही. तो वाजतो कसा हे तिने जन्मात ऐकलं नव्हतं. घाईत तिने दोन ओहमचे दोन वूफर लावले, खांद्याला खांदा. दोन आणि दोन एक. थोरल्याच्या पोटातले मोठे ट्रान्झिस्टर फट् करून गेले. खणात मिळाले ते बसवून तिने त्याला उभा केला. भोकात बसणारे होते, ताकदीत बसणारे नव्हते. हलकं ओझं तो पेलू शकत होता. दोन ओहमचं ओझं टाकलं असतं, तर मेलाच असता.

म्हणजे आता असं होतं. तिने शिकवलेलं बरोबर उत्तर त्याने दिलं, तर थोरला त्याच्या हातात जळणार, आणि मालकांच्या डोळ्यांदेखत त्यांचा पहिला मुलगा मारणाऱ्या माणसाला ते धाकटी मुलगी देणार नव्हते. चुकीचं उत्तर दिलं, तर तो नापास. आणि तिने तोंड उघडलं, तर तसाही नापास.

ती उठून उभी राहिली. चेहरा धुतलेल्या काचेसारखा.

“वूफर समोर आहेत,” मालक म्हणाले. “हा पंधरा इंची, एकटा. हे दोन बारा इंची, चार ओहमचे. हे दोन दहा इंची, दोन ओहमचे. हवं ते घ्या. घाई नाही. म्हणजे आहे, पण तुम्हाला नाही.”

चष्मेवाल्याने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. पंधरा इंचीच्या खोक्यावर तीन हजार वॅट असं दुरून दिसेल एवढं छापलं होतं. तो त्याच्याकडे वाकला आणि नाक टेकेल इतक्या जवळून खालची ओळ वाचली.

“सलग चारशे,” तो म्हणाला. “हा नुसता आवाजाचा आहे.”

“वूफर आवाजाचाच असतो,” मालक म्हणाले.

“म्हणजे, बोलण्याचा आहे. करण्याचा नाही.”

आईंनी तोंडातल्या पिनांमागून “हं” केलं. ते कोणाला उद्देशून होतं हे मालकांनी विचारलं नाही.

तो दहा इंचीकडे वळला. दोन ओहम नि दोन ओहम. मामांचा पाय खाली गेला. चष्मेवाल्याने दहा इंचीवर बोट ठेवलं, बोट तिथंच राहिलं, ओठ हलले. पाठ केलेलं म्हणत होता.

“हे नकोत,” तो म्हणाला. “हे खांद्याला खांदा लावले तर एक होतात.”

“कोणी शिकवलं हे?” मालकांनी विचारलं.

“दारवानाने,” चष्मेवाला म्हणाला, आणि बारा इंचीचा जोड उचलून आईंनी कापड चढवलेल्या खोक्यात बसवायला घेतला.

मालकांच्या मिशीत काहीतरी हललं. त्यांना राग यायला हवा होता आणि तो येत नव्हता, ही गोष्ट त्यांना स्वतःलाच आवडली नाही. बरोबर निवड होती. चार ओहमचे दोन, सलग पाचशे पेलणारे. आता फक्त ते शेजारी शेजारी जोडायचे, आणि एका बापाला तोंडातला नकार गिळायला लागणार.

“जोडा,” ते म्हणाले.

खांद्याला खांदा जोडायला तारेचे दोन तुकडे लागतात. लाल लालला, काळी काळीला. एकामागे एक जोडायला एकच लागतो. चष्मेवाल्याने स्क्रू ढिले केले आणि मागे न बघता हात पसरला.

“तारेचे तुकडे.”

हत्यारं द्यायचं काम धाकटीचं होतं. मागितलं ते द्यायचं, बोलायचं नाही. तिने तारेचं भेंडोळं घेतलं, एक तुकडा कापला, दोन्ही टोकं सोलली आणि त्याच्या तळहातावर ठेवला.

हात तसाच पसरलेला राहिला.

“अगं, आणखी एक लागेल,” मामा म्हणाले.

“पंचांनी मध्ये बोलायचं नाही,” मालक म्हणाले.

धाकटीने तार कापायची कात्री एप्रनच्या खिशात टाकली. सावकाश. मग तिने खिशावर हात ठेवला.

चष्मेवाला वळला. त्याने तळहातावरच्या एका तुकड्याकडे बघितलं, आणि मग तिच्याकडे. त्याच्या दुकानात रोज माणसं येत, ज्यांना शेवटची ओळ दिसत नसे पण पुढच्या माणसाने म्हटलेली ऐकून पाठ झालेली असे. ती धडाधड म्हणत. तो तक्त्याकडे बघतच नसे. पाठ म्हणणाऱ्याचे डोळे आणि खरंच दिसणाऱ्याचे डोळे वेगळे असतात, हे त्याचं पोटापाण्याचं ज्ञान होतं. त्या क्षणी पाठ म्हणणारा तो होता. दिसत तिला होतं. काय, ते त्याला कळेना.

दुकानात आवाज नव्हता, आणि त्या दुकानात तो प्रकार फारसा घडत नसे.

“अडलं का, चष्मेवाले?” मालकांनी विचारलं. “चार आणि चार किती?”

त्याला उत्तर माहीत होतं. जिभेच्या टोकावर होतं. कपाळावरून घाम निघाला तो चष्म्याच्या काडीपर्यंत आला.

“आठ,” तो म्हणाला.

धाकटीने डोळे मिटले. मामांचा पाय जमिनीत रुतला. चष्मेवाल्याने तो एक तुकडा पहिल्या वूफरच्या काळ्यापासून दुसऱ्याच्या लालपर्यंत लावला, उरलेल्या दोन टोकांना थोरल्याच्या तारा लावल्या आणि सगळे स्क्रू आवळले. एकामागे एक. जोडणी स्वच्छ होती.

मालकांनी अडवलं नाही. परीक्षा पूर्ण होऊ द्यायची, ही त्यांची शिस्त. नापास माणसालाही पेपर शेवटपर्यंत लिहू द्यायचा, म्हणजे त्याला नंतर बोलायला जागा उरत नाही.

गाणं सुरू झालं. थोरला वाजला, पण कसा, तर भरल्या पोटी दुसऱ्याच्या लग्नात अक्षता टाकाव्यात तसा. वूफर हलत होते, हादरत नव्हते. काउंटरवरचा चहाचा कप जागचा हलला नाही. धाकटी गाण्याचा शब्दन् शब्द मोजल्यासारखी ऐकत होती, नाक पुढे करून. वास येत नव्हता. कडवं गेलं, दुसरं गेलं, शेवटचा ठोका पडला. गाणं संपलं.

“संपलं,” मालक म्हणाले. “गाणंही आणि विषयही. वाघाला पिंजऱ्यात घालून गवत खायला घातलंत. आठ! शाळेतल्या पोराचं उत्तर.” त्यांच्या आवाजात आनंद असायला हवा होता. तो होता, पण एकामागे एक जोडल्यासारखा, कमी. “बघा आता, कसं जोडतात ते. जाताना एवढं तरी शिकून जा.”

त्यांनी तो तुकडा उपटला, धाकटीच्या खिशातून कात्री काढून घेतली, स्वतः दोन तुकडे कापले.

“बाबा, नका,” धाकटी म्हणाली.

“तोंड उघडायचं नाही असं ठरलं होतं.”

“परीक्षा संपली ना? आता तोंड माझं आहे. बाबा, तो दोन ओहम पेलणार नाही. मी जाळला होता त्याला. तुम्ही इस्पितळात होतात तेव्हा. आतले ट्रान्झिस्टर मी बदललेत, ते हलके आहेत.”

मालकांचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले.

“चांगलं आहे,” ते म्हणाले. “प्रेमात माणूस खोटं बोलतो. पण माझ्या थोरल्यावर बोलायचं कारण नव्हतं.”

“खरं सांगतेय.”

“मी रोज पुसतो त्याला! मला कळलं नसतं?”

“भावजी,” मामा म्हणाले, “एकदा झाकण उघडून बघा तर.”

“झाकण शंका असेल तो उघडतो.” लाल लालला, काळी काळीला. मालकांनी गाणं पुन्हा पहिल्यापासून लावलं, डेकच्या बटणावर हात ठेवला आणि आवाज वाढवला.

आणि थोरला वाजला. खरा वाजला. शटर थरथरलं, कप बशीवरून सरकत काउंटरच्या काठाकडे निघाला, आईंच्या पिनांचा डबा आपला आपण नाचायला लागला. मालकांचा चेहरा तरुण झाला. त्यांनी धाकटीकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे, बघ. धाकटी रडत होती. ते त्यांना ऐकू आलं नाही, पण ती का रडतेय ते मग त्यांच्या नाकाला कळलं. जळक्या वार्निशचा वास. थोरल्याच्या फटीतून धुराची एक बारीक दोरी वर आली, आत फट् झालं, आणि दुसऱ्या कडव्याच्या मधोमध सगळं थांबलं.

कप काठावर थांबला होता. आईंनी उठून तो मागे सरकवला.

मालकांनी बॅटरीची तार काढली. स्क्रू ड्रायव्हर घेतला, झाकण उघडलं, आत वाकले. आत काळवंडलेल्या पट्टीवर सोल्डरचे छोटे छोटे गोल थेंब होते, मोत्यांसारखे नीट. तसा थेंब या धंद्यात एकच माणूस सोडत असे, आणि तिला तो त्यांनीच शिकवला होता.

“मला सांगितलं का नाहीस?” त्यांनी आतच बघत विचारलं.

“मलाही माहीत होतं,” आई म्हणाल्या. “दुकानभर वास होता. तुम्ही इस्पितळातून आलात आणि पहिलं फडकं शोधलंत. म्हटलं, कशाला. नुसतं पुसत होतात. कधी वाजवलं असतंत, तर तेव्हाच कळलं असतं.”

मालकांनी झाकण तसंच उघडं ठेवलं. मग ते चष्मेवाल्याकडे वळले, आणि पहिल्यांदाच ‘अहो’ विसरले.

“तुला माहीत होतं? हा जळलेला आहे ते?”

“नाही, काका.”

“चार आणि चार किती?”

“तसे जोडले तर दोन. असे जोडले तर आठ.”

“म्हणजे बरोबर काय ते येत होतं तुला.”

“झोपेत सुद्धा.”

“मग आठ का म्हणालास? नापास झालास तर घरी जायचं, हे ठाऊक होतं ना?”

“ठाऊक होतं.” त्याने चष्मा काढला. काढल्यावर तो फारच उघडा दिसत होता. “तिने एकच तुकडा दिला. दुसरा दिला नाही. का, ते मला कळलं नाही. पण तिला काहीतरी दिसत होतं आणि मला दिसत नव्हतं.”

“आणि तेवढ्यावर?”

“तेवढंच होतं ना हातात.”

टेबलावरचा तो पहिला तुकडा मालकांनी उचलला, सरळ केला, पुन्हा वाकवला.

“नियम म्हणजे नियम,” ते शेवटी म्हणाले, पण कोणाला सांगतायत हे त्यांनाच नक्की नव्हतं.

मामांनी घसा साफ केला. “मी पंच आहे, म्हणून बोलतो. नियम मला पाठ आहेत. वूफर निवडायचे, निवडले, तुम्ही मिशीत हसलात, मी पाहिलं. स्वतःच्या हाताने जोडायचे, जोडले. आणि एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायचं. जोरात वाजवायचं असं काही ठरलेलं नव्हतं. त्याचं गाणं पूर्ण झालं, भावजी.” ते थांबले. उजवा पाय त्यांनी सावधपणे वर उचलला. “तुमचं दुसऱ्या कडव्यात गेलं.”

“म्हणजे मी नापास?”

“तुमचं लग्न झालंय,” आई म्हणाल्या आणि पिना पुन्हा तोंडात धरल्या. “तुम्हाला चालतं.”

धाकटी हसली आणि हसता हसता तिला हुंदका आला, त्यामुळे जो आवाज निघाला तो त्या दुकानात बसवलेल्या कुठल्याही स्पीकरमधून कधी निघाला नव्हता. मालकांनी पिवळं फडकं उचललं. थोरल्यावर टाकायला हात पुढे केला, मग तसाच वळवला आणि फडकं तिच्या हातात दिलं.

“तोंड पूस. आणि उद्या याच्या पोटात बरोबर माल घाल. मोठे ट्रान्झिस्टर. माझ्यासमोर.”

“हो.”

“फळीवर नाही जायचा आता हा. गाडीत बसवू.” ते चष्मेवाल्याकडे बघत होते. “तुझ्या.”

ज्या माणसाने आयुष्यात शांतता सोडून काही मागितलं नव्हतं, त्याच्या डिकीत पाटीएवढं लोखंड येणार होतं. तरी तो म्हणाला, “चालेल. ओहम किती ठेवू, काका?”

मालकांचं तोंड सवयीने उघडलं. सुविचार जिभेवर आला होता. त्यांनी धाकटीकडे बघितलं, ती डोळे पुसत होती.

“तिला विचार,” ते म्हणाले, आणि अर्धं ओढलेलं शटर वर करायला गेले.